पहिल्या बेसजवळची जागा

आपल्या शाळेच्या सॉफ्टबॉल (बेसबॉलसारखा खेळ) संघात माझं नाव असायचं, पण प्रत्यक्ष मैदानात उतरणाऱ्या नऊजणींत क्वचितच. राखीव मुलींनी नुसत्या टाळ्या वाजवत बसायचं, हे आपल्या पी.टी.च्या सरांना पटायचं नाही. त्यांनी माझ्या हातात स्कोअरबुक दिलं. पिचर (चेंडू टाकणारी) १, कॅचर (बॅटरमागे चेंडू पकडणारी) २, पहिला बेस (धावताना गाठायचा पहिला टप्पा, तिथली फील्डर) ३, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली फील्डर) ६, असे आकडे पाठ करून घेतले. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून पहिल्या बेसला फेकला आणि बॅटर आउट झाली, की चौकटीत लिहायचं ६-३. चौथ्या-पाचव्या इनिंगला सर विचारायचे, "बघ गं, हिने मघाशी कुठे मारला होता?" मी पान बघून सांगायचे आणि सर फील्डर तिकडे सरकवायचे. खेळ वाचायला मी तिथे शिकले.

पुढे अमरावतीला श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) केलं. १९१४ पासून चालत आलेल्या त्या संस्थेत शिकताना, खेळाच्या क्षेत्रातच राहायचं हे पक्कं झालं. आज एका महाविद्यालयाच्या मुलींच्या संघाची मी सहायक प्रशिक्षक आहे. "मुख्य कोच कधी होणार?" असं नातेवाईक विचारतात. मला हेच काम आवडतं, हे त्यांना खरं वाटत नाही.

सामन्यात आमचे मुख्य प्रशिक्षक तिसऱ्या बेसजवळ, मी पहिल्या. सॉफ्टबॉलमध्ये रनरला (बेसवर पोचलेल्या मुलीला) आधीच बेस सोडून पुढे सरकता येत नाही; पिचरच्या हातून चेंडू सुटल्यावरच निघायचं. पाय आधी उचलला की आउट. म्हणून बेसवर आलेल्या मुलीला मी दोनच गोष्टी सांगते: आउट किती झाले आणि चेंडू हवेत गेला तर काय करायचं. दोन आउट असतील तर बॅटला चेंडू लागताच पळ, एरवी झेल होतोय का ते बघ. धापा टाकणाऱ्या मुलीच्या डोक्यात याहून जास्त शिरत नाही.

खरं काम सरावात. मुलींच्या खेळात पिचर ४३ फुटांवरून टाकते. ताशी १०० किलोमीटरचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत बॅटरपाशी येतो, त्यामुळे वेगाइतकाच फसवा चेंज-अप (वेगवान वाटणारा, पण हळू येणारा चेंडू) लागतो. आमच्या एका राखीव पिचरचा हात चेंज-अप टाकताना आधीच मंदावायचा आणि बॅटर लगेच ओळखायच्या. हात विंडमिलच्या (पवनचक्कीसारखा गोल फिरवून टाकण्याच्या) पूर्ण वेगातच फिरवायचा, चेंडू मात्र तळव्यात खोल धरायचा. बाकीच्या गेल्या तरी आम्ही दोघी जाळीपाशी हेच घोटत बसायचो. आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या संघात तिची निवड झाली तेव्हा तिच्या आईचा फोन आधी मला आला.

हे फोनही माझ्याच वाट्याचे. मुलगी परगावी कोणाबरोबर जाणार, राहणार कुठे, परत कधी येणार, ही सगळी उत्तरं मी देते. प्रमाणपत्रांची फाइलही मीच सांभाळते. राज्याच्या शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि तिथे पडताळणीत एक कागद कमी पडला तरी मुलीची संधी जाऊ शकते. स्कोअरबुक सांभाळायची सवय इथे फार उपयोगी पडते.

मुलींना मी जपानच्या युकिको उएनोबद्दल आवर्जून सांगते. २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात अमेरिकेला हरवणाऱ्या संघाची ती पिचर. त्यानंतर सॉफ्टबॉल ऑलिंपिकमधून गेला. २०२१ मध्ये टोकियोत परतला तेव्हा ३९ वर्षांची उएनो पुन्हा अंतिम सामन्यात टाकत होती, आणि जपानने अमेरिकेला २-० ने हरवलं. २०२८ ला लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल पुन्हा आहे. आमच्या मुली ते वर्ष वहीत लिहून ठेवतात.

दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या मैदानावर पिचिंग आणि स्कोअरिंग शिकवायला मी येणार आहे. मुख्याध्यापकांशी बोलणं झालं आहे. संघात निवड न झालेल्या मुलींनीही यावं. ग्लोव्ह नसेल तर मी घेऊन येईन.