गॅरेजमधली कनू : ऑक्टोबर ते मे

मंडळी, सप्टेंबरात लिहिलं तेव्हा माझ्याकडे फक्त आराखड्याचे कागद होते आणि लाकडाची ऑर्डर गेलेली होती. आज गॅरेजमध्ये सोळा फुटांची कनू, म्हणजे वल्ह्याने हाकायची हलकी, निमुळती होडी, दोन लाकडी घोड्यांवर सुलटी ठेवलेली आहे. बसायच्या बैठका तेवढ्या राहिल्यात. मधल्या आठ महिन्यांची नोंद सविस्तर देते, कारण दोन ठिकाणी मी चुकले आणि ते तुमच्यापैकी कुणाचं पुढच्या हिवाळ्यात टळावं असं वाटतं.

नवीन आलेल्यांसाठी: मी मूळची वेंगुर्ल्याची. कॅनडात, ऑन्टारिओतल्या किंग्स्टनला विद्यापीठात कायदा शिकवते, पहिल्या वर्षाला मालमत्तेचा कायदा. कनू बांधायचं वेड त्या वर्गातूनच लागलं. ते जानेवारीच्या नोंदीत येईल.

ऑक्टोबर

कनू उलटी बांधतात. आधी चौदा फुटांची प्लायवूडची पोकळ तुळई केली. तिच्यावर दर बारा इंचांना एक असे पंधरा आडवे साचे आणि दोन टोकांना दोन उभे. मधून सुतळी ताणली, प्रत्येक साच्याची मध्यरेषा सुतळीखाली आणली, ओळंबा लावून पाहिला. तिसरा साचा दोन मिलिमीटर डावीकडे होता. मला ते चालेल असं वाटलं. शेजारचे आजोबा आयुष्यभर सुतारकाम केलेले. त्यांनी वाकून एका डोळ्याने पाहिलं आणि म्हणाले, "सोडव तो साचा. आज दोन मिलिमीटर आहे, तळ मिटवताना दोन बोटं होईल." सोडवला. त्या एका साच्याला पूर्ण शनिवार गेला आणि तो कारणी लागला.

साच्यांच्या कडांना खोकी बंद करायची चिकटपट्टी लावायला विसरू नका. नाहीतर ग्लू साचाही धरतो आणि शेवटी होडी साच्यावरून सुटत नाही.

नोव्हेंबर, डिसेंबर

लाकूड ब्रिटिश कोलंबियातला रेड सीडर. नावात सीडर असलं तरी आपल्या देवदाराचा हा सख्खा नाही, झाड वेगळं. साच्यांवर एकीला एक चिकटवत जायची ती पट्टी ६ मिलिमीटर जाड, १९ मिलिमीटर रुंद. एका कडेला गोल मणी, दुसऱ्या कडेला त्याच मापाची खाच. खाच वर ठेवायची, तिच्यात ग्लूची बारीक रेघ सोडायची आणि पुढच्या पट्टीचा मणी त्यात दाबत न्यायचा. मणी खाचेत बसतो तेव्हा साच्यागणिक टक टक आवाज येत जातो. तो आवाज आला नाही तर पट्टी कुठेतरी वर राहिलेली असते. मग प्रत्येक साच्यावर स्टेपल.

एक कळकळीने सांगते: मास्क घाला. या लाकडाच्या भुशात प्लिकॅटिक ॲसिड असतं, त्याने दमा होतो, आणि एकदा सुरू झाला की काहींचा जात नाही. वास फार गोड असतो म्हणून माणूस गाफील राहतो.

डिसेंबरात परीक्षेचे पेपर आले. मी नियम केला: दहा पेपर, दोन पट्ट्या. एक डावीकडे, एक उजवीकडे, म्हणजे दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहतो. पेपर तपासताना शेवटच्या गठ्ठ्यावर हात सैल होतो की काय अशी मला दरवर्षी धास्ती असते. यंदा दर दहा पेपरांमागे पाऊण तास गॅरेजमध्ये गेला आणि शेवटचा पेपर पहिल्याइतक्याच ताज्या डोळ्यांनी वाचला गेला. हा नियम मी आता सोडणार नाही.

टोकांशी पट्टीला पीळ द्यावा लागतो. तिथे उकळत्या पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळून दहा मिनिटं ठेवलं की ती ऐकते. तळ मिटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. दोन्हीकडून पट्ट्या येऊन मध्ये बदामासारखी फट उरते आणि तिथे प्रत्येक पट्टी दोन्ही टोकांना तासून बसवायची असते. शेवटची पट्टी मी अकरा वेळा बसवून पाहिली. दर वेळी रंध्याचा एक हात, परत लावून बघायची, परत काढायची. बाराव्या वेळी अंगठ्याने दाबली आणि ती आत गेली. रात्रीचे साडेअकरा झाले होते. घरात नारळ होता. मुलीला उठवलं, दोघींनी गॅरेजच्या दाराशी बर्फात नारळ फोडला आणि टोकाला पाणी लावलं.

इथे माझी पहिली चूक. बाहेर ओघळलेला ग्लू मी लगेच पुसत होते, पण आत साच्यांच्या मधून ओघळला तो तसाच राहिला. एप्रिलमध्ये होडी सुलटी केली तेव्हा आतून दगडासारखे थेंब. आतली बाजू खोलगट, तिथे रंधा चालत नाही, आणि ग्लू प्यायलेलं लाकूड खरवडल्यावरही फिकट दिसतं. रोज काम संपलं की खाली शिरून ओल्या फडक्याने आतून पुसा. पाच मिनिटांचं काम आहे.

जानेवारी

थांबले. गॅरेज उणे वीसला गेलं की इपॉक्सी, म्हणजे लाकडावर कापड चिकटवायची राळ, घट्ट होत नाही. या महिन्यात शिकवलं आणि वाचलं, म्हणून आता सांगते की प्राध्यापक बाई कनूकडे कशा वळल्या.

ऑन्टारिओत १९११ साली एक कायदा झाला. त्याचं सार असं की सरकारने कुणाला जमीन दिली आणि तिच्यातून नौकानयनाजोगा प्रवाह जात असेल, तर सनदेत स्पष्ट लिहिलेलं नसेल तर प्रवाहाचा तळ सरकारचाच राहतो. म्हणजे तळ कुणाचा हे ठरवायला आधी प्रवाह नौकानयनाजोगा आहे का ते ठरवावं लागतं. मग नौका म्हणजे कोणती? मोठं जहाज की लहान होडी? १९८३ साली कोलमन खटल्यात इथल्या हायकोर्टाने उत्तर दिलं: खोल जहाजापासून कनूपर्यंत काहीही. रोज कुणी जात असलंच पाहिजे असंही नाही. जाता येण्याजोगा असला आणि लोकांना वाट म्हणून उपयोगी पडणार असला की पुरे.

दरवर्षी हे शिकवताना मी फळ्यावर ओढ्याचं चित्र काढायची. तीन वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने विचारलं, "मॅडम, कनूला पाणी लागतं तरी किती?" मला नेमकं सांगता आलं नाही. ज्या वस्तूने देशातल्या पाण्याची मालकी मोजली जाते ती मी कधी हाताळलेली नव्हती. वेंगुर्ल्याच्या खाडीत आजोबांच्या होडीत वाढलेली मी, मला ते फार लागलं. त्याच उन्हाळ्यात भाड्याची कनू घेऊन फ्रंटेनॅकच्या तळ्यांवर गेले आणि परत आले ती आराखडे शोधतच. आता उत्तर माहीत आहे: दोन माणसं आणि सामान घेऊन ही सोळा फुटी कनू साधारण १० सेंटीमीटर पाण्यात तरंगते. हाताच्या पंजाच्या रुंदीहून थोडं जास्त.

केंद्राच्या कायद्याचीही गोष्ट आहे. नौकानयनाजोगं पाणी राखणाऱ्या, १८८२ पासून चालत आलेल्या कायद्याचं संरक्षण २०१२ साली एका यादीपुरतं आक्रसलं: ३ महासागर, ९७ सरोवरं, ६२ नद्या. इथल्या लाखो तळ्यांपैकी एवढीच. २०१९ साली नौकानयनाजोग्या पाण्याची व्याख्या परत रुंद केली आणि तीत आदिवासी समाजांचा प्रवास स्पष्ट शब्दांत आला. मला हे महत्त्वाचं वाटतं. कनू त्यांची. आनिशिनाबे या इथल्या आदिवासींच्या भाषेत तिला जीमान म्हणतात. कायद्याने मापाला वापरली ती त्यांची वस्तू, आणि व्याख्येत त्यांचं नाव यायला एवढी वर्षं लागली.

कायदा शिकवणाऱ्यांत कनूवेडे पूर्वीपासून आहेत. पियर ट्रूडो कॅनडाचे पंतप्रधान व्हायच्या आधी मॉन्ट्रिअलला कायदा शिकवत. त्याच्याही आधी, १९४१ साली, विद्यार्थी असताना ते मॉन्ट्रिअलहून जेम्स उपसागरापर्यंत कनूने गेले होते.

फेब्रुवारी

थंडी थोडी मोडली तशी स्टेपल काढली, हजाराच्या वर. प्रत्येकाची दोन भोकं राहतात. त्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवा. लाकूड फुगतं आणि भोक बरंचसं मिटतं.

मग रंधा, स्क्रेपर आणि लांब फळीवर ताणलेला सँडपेपर, आधी ८० नंबर, मग १२०. या कामाला होडीवाले फेअरिंग म्हणतात. रेषा फेअर आहे म्हणजे तिच्यात कुठे उंचवटा नाही, खळगा नाही, नजर न अडकता या टोकापासून त्या टोकाला जाते. मी ज्या इमारतीत दिवसभर असते तिथेही हाच शब्द सतत कानावर पडतो, निर्णय फेअर होता का, सुनावणी फेअर झाली का. तिथे आम्ही पानंच्या पानं लिहितो. इथे दिवा बंद करायचा, टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून आडवी धरायची, की खळग्याची सावली पडते. त्याहून पक्की परीक्षा तळहाताची. माझे आजोबा नव्या होडीवर हात फिरवत म्हणायचे, "डोळे फसवतत, हात फसवणा नाय." मी सुती हातमोजा घालून डोळे मिटून टोकापासून मध्यापर्यंत हात नेते. मोज्यामुळे लाकडाचा खरखरीतपणा कळत नाही, फक्त आकार कळतो. उजव्या बाजूला सहाव्या साच्यापाशी बोटं जराशी वर उचलली जात होती. टॉर्चमध्ये काही दिसलं नव्हतं. पेन्सिलीने खूण केली, रंध्याचे चार हात मारले, पुन्हा डोळे मिटले. गेलं.

मार्च

काचकापडाचा, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या कापडाचा दिवस. सहा औंसी कापड उलट्या होडीवर चादरीसारखं टाकायचं, ब्रशने सुरकुत्या काढायच्या आणि वर इपॉक्सी ओतून रबरी पट्टीने पसरायची. पांढरं कापड बघता बघता पारदर्शक होतं आणि खालचं लाकूड एकदम गडद, तांबूस होऊन वर येतं. आठ महिन्यांत एवढा आनंद दुसऱ्या कुठल्या दिवशी झाला नाही.

आणि दुसरी चूकही त्याच दिवसाची. पहिला हात सकाळी दहाला संपला. दुपारी माझा वर्ग होता. लवकर सुकावं म्हणून मी हीटर २० वरून २४ वर नेला आणि गेले. परत आले तर डाव्या टोकाशी शेकडो बारीक बुडबुडे. सीडर हे हवेने भरलेलं लाकूड. खोली तापत गेली की आतली हवा फुगते आणि ओल्या इपॉक्सीतून वर येते. करायचं याच्या उलट: आदल्या रात्री गॅरेज चांगलं तापवा, इपॉक्सी ओतायच्या आधी हीटर उतरवा. लाकूड हळूहळू गार होताना इपॉक्सी आत ओढून घेतं. बुडबुडे घासून काढले, सीडरचा भुसा घालून दाट केलेल्या इपॉक्सीने भरले. तरी वीतभर डाग राहिला आहे. वरचे दोन हात बरोबर पद्धतीने दिले आणि ते आरशासारखे आले.

एप्रिल

होडी सुलटी केली, आतून खरवडली, आतलं कापड लावलं. त्या कंटाळवाण्या कामाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

मधे एक दिवस पीटरबरोच्या कनू म्युझियमला गेलो. पट्ट्यांची कनू त्या गावाने जगाला दिली. म्युझियमची नवी इमारत २०२४च्या मे महिन्यात तळ्याकाठी उघडली. मी सगळ्यात जास्त वेळ बर्चसालीच्या कनूसमोर होते. ती आमच्या उलट बांधतात: आधी साल, मग आतून बरगड्या. साचा नाहीच. स्प्रूसच्या मुळांनी शिवण आणि शिवणीवर स्प्रूसचा डिंक. गोव्यात बांधून २०२५ साली आपल्या नौदलात आलेलं कौंडिण्य जहाज आठवलं. तेही शिवलेलं, फळ्या काथ्याच्या दोरीने आवळलेल्या, खिळा नाही. एकीकडे साल, एकीकडे जाड फळ्या, पण पाण्यासाठी लाकूड शिवावं हे दोन्ही किनाऱ्यांना सुचलं. मुलगी काचेला नाक लावून टाके मोजत होती.

मे

काठाच्या पट्ट्या ॲशच्या. या झाडाला इथे एमरल्ड ॲश बोरर हा भुंगा लागला आहे. ऑन्टारिओत तो २००२ साली सापडला आणि तेव्हापासून ॲशची रानंच्या रानं वाळली. माझं लाकूड अशाच उभ्या वाळलेल्या झाडाचं आहे. घट्ट, पांढरं, वाकवताना तक्रार नाही. सोळा क्लॅम्प कमी पडले, शेजारच्या आजोबांकडून दहा आणले. मग मधला जू, म्हणजे खांद्यावर कनू उलटी घेऊन एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर चालताना मानेवर येतो तो आडवा दांडा. तो माझ्या खांद्यांच्या मापाने कोरला.

वजन, बैठकांशिवाय, २४.३ किलो. न्हाणीघरातल्या काट्यावर आधी मी एकटी, मग कनू खांद्यावर घेऊन.

पाण्यात पहिल्यांदा कुठे घालायची ते ठरलं आहे. इथून गाडीने दीडेक तासावर मिसिसिपी नावाची नदी आहे. अमेरिकेतली ती नव्हे, ही छोटी, ऑटावा नदीला मिळणारी. मॅक्लॅरन आणि कॉल्डवेल हे दोन लाकूड व्यापारी हिच्यावरून भांडले: एकाने प्रवाह सुधारला, बांध घातले, तर दुसऱ्याला तिथून ओंडके सोडता येतील का? खटला थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टापर्यंत गेला आणि १८८४ साली निकाल कॉल्डवेलच्या बाजूने लागला: वाट मोकळी. वीस वर्षं मी तो निकाल शिकवते आहे, नदी मात्र फक्त पुलावरून पाहिली आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जाऊ. दोन लाइफ जॅकेट, पंधरा मीटरची तरंगणारी दोरी आणि शिट्टी आणून ठेवली, कायद्याने एवढं लागतंच.

आता बैठका. ॲशच्या चौकटीला भोकं पाडून वेत विणते आहे, आपल्याकडच्या जुन्या वेताच्या खुर्च्यांची तीच अष्टकोनी जाळी. दोन उभे फेरे, दोन आडवे झाले, तिरके दोन राहिलेत. वेत अर्धा तास भिजवून घेते, तरी तिरक्या फेऱ्यात कडेच्या भोकांपाशी तो चिरतो. तुमच्यापैकी कुणी खुर्च्या विणल्या असतील तर सांगा: पाणी कोमट घ्यायचं का, आणि व्हार्निश वरून खालून दोन्हीकडे मारायचं की खालची बाजू पाण्यासाठी मोकळी ठेवायची? पुढची चौकट रविवारी घेणार आहे.