तुम्ही विचारलंत म्हणून: गटात हुशार पोरांचं नुकसान होतं का?

पालक सभा संपता संपता कुणीतरी विचारतंच, "बाई, तुम्ही वर्गात गट करून अभ्यास करायला बसवता, त्या गटात आमची पोरगी दुसऱ्यांचीच गणितं सोडवत बसते. तिचं नुकसान नाही का?"

होतं ना. माझ्या हातून कित्येक वर्षं झालंय. शाळा द्विशिक्षकी, तिसरी-चौथी माझ्याकडे. तिसरीला शिकवायचं म्हणून चौथीला गोलात बसवायचं. तो नाइलाज होता, पद्धत कसली! गटप्रमुखानं लिहायचं, बाकीच्यांनी उतरवून घ्यायचं. शिक्षण परिषदेत एक गुरुजी म्हणायचे, "गट केले की वर्गाचा बाजार होतो." साहेब येणार कळलं की तेवढ्यापुरते गोल करणारेही होते. मीही केलेत.

माझं मत फिरलं ते 302 वजा 47 पाशी. वर्गातल्या सगळ्यात चलाख मुलीनं झटकन 255 काढले. शेजारचा म्हणाला, "मधल्या शून्याचे नऊ कसे झाले?"

"होतात."

"पण कसे?"

ती गप्प. मग दोघांनी काड्यांचे गठ्ठे ओढले. शंभराचा एक गठ्ठा सोडला, दहा दशक झाले. त्यातल्या एका दशकाच्या काड्या सुट्या केल्या, राहिले नऊ. "हे ते नऊ होय!" असं ओरडली ती. तो नव्हे.

तेव्हापासून गटप्रमुख बंद. उत्तर कोण सांगणार ते चिठ्ठी टाकून ठरतं, त्यामुळे सगळ्यांना समजल्याशिवाय गटाची सुटका नाही. परिसर अभ्यासाच्या धड्याचे चार तुकडे करते, प्रत्येकाला एक. आपला तुकडा वाचून इतरांना समजावायचा. ही युक्ती माझी नाही. एलियट अ‍ॅरनसन या मानसशास्त्रज्ञानं 1971 मध्ये अमेरिकेत, टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत ती आणली. तिथं गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि एकमेकांशी फटकून वागत होती. माझ्याकडे भांडण पेन्सिलीवरून असतं, एवढंच.

गोंगाट होतो, धडाही दोन तासिका जास्त खातो. गुरुजींचं तेवढं खरं. वाचायला अडखळणाऱ्या मुलाच्या हाती मी अजूनही तुकडा एकट्यानं देत नाही. आधी त्याच्यासोबत बसून वाचते.

तरी शंका असेल, तर आज घरी पोरीला 302 वजा 47 घाला. उत्तर तपासू नका, शून्याचे नऊ कसे झाले ते विचारा.