आमची वाटचाल : धुणं कमी, वाळवणं जास्त

"बूट धुवायचे १२० रुपये? तेवढ्यात नवी चप्पल येते."

२०१४ साली साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या आमच्या लाँड्रीवर बुटांची पाटी लागली, त्या दिवशी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. गिऱ्हाइकाचं नव्हे, सासऱ्यांचं. लाँड्री त्यांनी उभी केलेली. सफारी, पैठण्या, कोर्टातले काळे कोट, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. अंगातलं आणि पायातलं एका टेबलावर येणार नाही, एवढ्या अटीवर त्यांनी मला मागची खोली दिली. ती अट आजही पाळते. त्या खोलीत खिडकी एकच, तीही उत्तरेला. पुढे कळलं की बूट सावलीतच वाळवायचे असतात आणि या धंद्याला तीच खिडकी हवी होती, पण तेव्हा ऊन येत नाही म्हणून मी रोज चिडायचे.

बूट आमच्याकडे आले ते चादरींबरोबर. साताऱ्यात २०१२ पासून हिल मॅरेथॉन होते. यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला लागायचं आणि परत खाली यायचं, २१ किलोमीटर. पुण्या-मुंबईची माणसं लॉज भरून टाकतात. त्या लॉजच्या चादरी आमच्याकडे यायच्या. एका वर्षी गाठोड्यातून चार जोड बूट निघाले, सोबत चिठ्ठी: संध्याकाळपर्यंत स्वच्छ मिळतील का? लाल चिखल इतका होता की मूळ रंग कोणता तेही कळेना. कासचं पठार जांभ्या दगडाचं. त्या मातीत लोह असतं, म्हणून ती लाल. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. मी सरळ नळाखाली धरले. माती जाळीत आणखी आत गेली.

आता सांगून ठेवते, कुणी विचारलेलं नाही तरी. चिखलाचा बूट ओला घासायचा नाही. लेस काढा, आतली पट्टी काढा आणि चिखल वाळू द्या. मग दोन बूट एकमेकांवर आपटा, कोरड्या ब्रशने झाडा. निम्मं काम तिथेच होतं. उरलेल्या लालसर डागाला ब्लीच लावाल तर तो पक्का बसेल. लोहाचा डाग आहे तो, त्याला लिंबू चालतं, लिंबूसत्त्वाचं पातळ पाणी चालतं. आधी बुटाच्या जिभेच्या, म्हणजे लेसखालच्या पट्टीच्या, आतल्या बाजूला लावून रंग जातो का बघा. मग नुसत्या पाण्याने नीट काढून टाका.

चपला शिवणारे मामा आले ते त्याच वर्षी. एसटी स्टँडसमोर छत्रीखाली त्यांचं बस्तान होतं. माझ्या सासरच्या तीन पिढ्यांच्या चपला त्यांनी शिवलेल्या. मी एक जोड त्यांच्याकडे नेला, सोल सुटलेला. त्यांनी तो हातात घेतला, वाकवला, नाकाशी नेला आणि म्हणाले, "वैनी, ह्यो गरम पाण्यात घातला व्हता का?" घातला होता. वासावरून नाही, वाकण्यावरून कळलं म्हणे. मी तिथेच त्यांना निम्म्या भागीदारीचं विचारलं. घरी सांगितलं नव्हतं. घरी सांगितल्यावर जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मामांनी येताना ऐरण आणली, कातडं कापायच्या दोन रापी, आरी आणि डुकराच्या राठ केसांचा एक ब्रश. त्या ब्रशच्या लाकडी पाठीला त्यांच्या अंगठ्याचा खड्डा पडलेला आहे. बाहेरच्या रबरी तळाला तो ब्रश. जाळीच्या कापडाला मात्र तो दाखवायचासुद्धा नाही, तिथे मऊ टूथब्रश, तोही वापरून झिजलेला. कातड्याला घोड्याच्या केसांचा. स्वेडला, म्हणजे मखमलीसारख्या लव असलेल्या कातड्याला, पाणी नाहीच, कोरडा ब्रश आणि खोडरबर. साबणाचं म्हणाल तर मी रिठ्यावर आले. रात्री रिठे भिजत घालायचे, सकाळी कोमट करून कुस्करायचे आणि फडक्यातून गाळायचे. पैठण्यांना चालतं ते बुटांना का चालू नये? पांढऱ्या जाळीला मात्र रिठ्याची पिवळसर झाक राहू शकते, तिथे भांडी घासायचं पातळ साबण, बादलीला एक चमचा. त्याहून जास्त घातलं की फेस निघता निघत नाही, आणि जो फेस आत राहतो तोच पुढे पिवळा दिसतो.

बूट वाळवायची फळी आमच्या ह्यांनी केली. जुन्या खाटेच्या पट्ट्या, तिरप्या, टाच वर आणि नाक खाली राहील अशा, आणि खालून टेबलफॅन. बुटात वर्तमानपत्र कोंबू नका, शाई अस्तराला लागते. कोरा कागद घ्या आणि दोन तासांनी बदला. बदलत नसाल तर घालूच नका, ओला कागद आत ठेवून काय मिळणार?

धंदा चालू लागला तो पाहुण्या धावपटूंवर नव्हे. ते वर्षातून एकदा येतात. आमचं पोट भरलं पोलीस भरतीच्या पोरापोरींनी. पहाटे शाहू स्टेडियमला जाऊन बघा. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, वेळ जितकी कमी तितके मार्क जास्त. २०१६ला माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली, त्यानंतर तर गावोगावच्या मुली बूट घेऊन दिसायला लागल्या. यांच्याकडे जोड एकच. तो शनिवारी रात्री द्यायचा आणि सोमवारी पहाटे पायात हवा. त्यांच्यासाठी आम्ही ६० रुपये दर ठेवला, अजून फार वाढवलेला नाही.

२०१५ ते २०१८ चांगलं चाललं. दोन पोरं कामाला ठेवली. त्यातल्या एकाविषयी आता लिहावं लागणार.

नाव लिहीत नाही. बारावी झालेला, हुशार, हात स्वच्छ. गिऱ्हाइकाशी गोड बोलायचा. लेस जुन्या मोज्यात घालून गाठ मारून धुवायची, म्हणजे गुंता होत नाही आणि टोकं तुटत नाहीत, ही युक्ती माझी आहे. आज तो ती स्वतःची म्हणून मोबाइलवर व्हिडिओत सांगतो. असो. असो म्हणते, पण मला ते लागतं.

२०१८चा पावसाळा. मॅरेथॉनच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी एका भरती अकॅडमीचे सर टेम्पो घेऊन आले. ८६ जोड. त्यांची पोरं रविवारी धावणार, फोटो निघणार, म्हणून बूट स्वच्छ हवेत, शनिवारी संध्याकाळपर्यंत. आठ दिवस ऊन नव्हतं. भिंतींना ओल आलेली. मामा लावणीसाठी गावी गेलेले. मी नाही म्हणायला हवं होतं. पण ८६ जोड म्हणजे त्या महिन्याचं भाडं, पगार आणि वर थोडे. मी हो म्हटलं.

शुक्रवारी रात्रीपर्यंत सगळे धुऊन झाले. छान निघाले होते, ते मी आजही सांगते. पण हाताला गारच लागत होते. तेव्हा त्या पोराने दोन रूम हीटर आणले, मागच्या खोलीत फळीखाली ठेवले आणि दार लावून घेतलं. सकाळी दार उघडलं तर आधी गमाचा वास. मग दिसलं. काहींची नाकं वर वळलेली, काहींचा मधला फोम आकसून सुरकुतलेला. सोल वरवर धरलेले दिसत होते, म्हणून मी पुसून पिशव्यांत भरले आणि दिले. दिले, हे खरं आहे.

रविवारी घाटात सोल निघायला लागले. एका मुलीने म्हणे हातात बूट घेऊन उतार उतरला. दुपारपर्यंत दुकानासमोर अकॅडमीची पोरं उभी. ३१ जोड सुटलेले. सर जे बोलले ते सगळ्या नाक्याने ऐकलं. धुलाईचे पैसे तर नाहीतच, वर नऊ जोडांची नवी किंमत मी भरली. त्यासाठी बांगड्या ठेवल्या. "रिठ्याने सोल सुटतात" ही आवई तेव्हाची. रिठ्याने काहीही सुटत नाही, हे मी मेले तरी सांगत राहीन.

कशाने सुटतात ते मामांनी सांगितलं. रस्त्यावर ज्याला सुलोचन म्हणतात त्या चिकटवायच्या सोल्युशनहून कारखान्यातला गम वेगळा. तो दोन्ही बाजूंना लावतात, सुकवतात, मग साधारण ६०-७० अंशांची ऊब देऊन दाबतात. उबेने तो जागा होतो आणि धरतो. तेवढीच ऊब नंतर पुन्हा मिळाली की तो परत जागा होतो, आणि आता दाबायला कुणी नसतं. स्वस्तातल्या जोडात गम आधीच कमी लावलेला, ते पहिले जातात. म्हणून बूट हीटरपाशी नाही, गाडीच्या डिकीत नाही, भर उन्हात पत्र्यावर नाही, वॉशिंग मशीनच्या ड्रायरमध्ये तर नाहीच.

मामा लावणी अर्धी टाकून मंगळवारी आले. काही बोलले नाहीत. पहिला जोड उचलला, रापीने जुना गम खरवडला, काचकागद मारला, प्रायमर लावला, गमाचे दोन हात दिले, गरम हवा दाखवून जोडला आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून बांधला. रात्रभर तसाच. सगळ्या नाक्यावरच्या पंक्चरवाल्यांकडून ट्यूब गोळा केल्या होत्या. बावीस जोड, नऊ दिवस. उरलेले नऊ आकसले होते, त्यांना इलाज नव्हता. मी पैशाचं काढलं तर म्हणाले, "भागीत तोटाबी निम्मा असतुया."

मग मी त्या पोराविषयी बोलायला लागले, की हीटर त्याने लावले, मला विचारलं नाही. मामा गमाचा डबा बंद करत होते. म्हणाले, "वैनी, रातच्याला त्या खोलीची किल्ली कुणाकडं आसती?"

किल्ली माझ्याकडे असते.

पोराने दिवाळीआधी काम सोडलं. सहा महिन्यांत आमच्यापासून पन्नास पावलांवर त्याचं दुकान. निळे दिवे, काचेचं कपाट, आणि पाटी: "नव्यासारखे पांढरे, एका दिवसात". गर्दी झाली. आमची निम्मी गिऱ्हाइकं गेली आणि जाताना मान खाली घालून गेली, त्याचा जास्त राग. तो ब्लीच वापरायचा. पहिल्या दिवशी बूट असा पांढरा निघतो की डोळे दिपावेत. महिन्याभरात जाळी पिवळी, रबर कडक. मग तेच बूट पिशवीत झाकून माझ्याकडे.

पिवळ्यावर माझा उपाय घरी करण्यासारखा आहे. पुन्हा भरपूर साध्या पाण्याने धुवा. शेवटच्या पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर टाका, पण त्या बुटावर ब्लीच शिल्लक असेल तर अजिबात नको, दोन्ही एकत्र आले की विषारी वायू निघतो. मग ओल्या बुटावर पांढरा टिश्यू पेपर चिकटवून सावलीत ठेवा. पाणी कागदातून उडतं आणि पिवळेपणा बराचसा कागदावर उतरतो. ब्लीचने धागाच जळला असेल तर मात्र उतरायला काही नसतं. ते मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते. गोड बोलता येत नाही, काय करणार.

आणखी एक प्रकार. पुतण्याने परदेशातून पाठवलेला महागाचा जोड, सहा-सात वर्षं खोक्यात, "खराब होऊ नये म्हणून" न घातलेला. पाण्यात टाकला की सोलचा भुगा. एक साहेब यावरून माझ्याशी तासभर भांडले. अहो, पीयूचा, म्हणजे पॉलीयुरेथेनचा, सोल दमट हवेने आतून कुजतो, घातला नाही तरी कुजतो. घाला ते बूट.

२०२०ला टाळेबंदी आली, दुकान बंद, मॅरेथॉन बंद, भरती बंद. त्यावर सगळ्यांनी लिहून झालंय.

हीटर गेले, त्या जागी वजनकाटा आला. घरातला, पीठ मोजायचा. चिखल झाडून, लेस काढून कोरड्या जोडाचं वजन वहीत लिहायचं. वाळल्यावर पुन्हा ठेवायचा. आकडा परत तितकाच भरला तर द्यायचा, दहा ग्राम जास्त असला तरी थांबायचं. वरून कोरडा लागतो तेव्हा टाचेच्या अस्तरात पाणी असतं आणि वास तिथूनच सुरू होतो. मामा हसायचे. त्यांचं बोट काट्याइतकंच बरोबर निघतं, पण बोट वहीत लिहिता येत नाही.

गेल्या पावसाळ्यात मॅरेथॉनच्या आधीच्या रात्री त्या पोराच्या दुकानातला एक मुलगा आला. हातात एकच जोड, डाव्याचा सोल पुढून उघडा. मला बघून बाहेरच थांबला. मामांनी त्याला आत बोलावलं, जोड घेतला, काही न विचारता खरवडायला बसले. "आत्ता नाही सुकायचा," मी म्हटलं, जरा मोठ्यानेच. ते म्हणाले, "पोरगी सकाळी धावणार हाय. बूट तिचा हाय, त्येचा न्हाई."

मी दोन दिवस मामांशी बोलणार नव्हते. पण उजवा बूट टेबलावर मोकळा पडला होता, म्हणून उचलून काट्यावर ठेवला. तसलाच जोड वहीत होता, त्याच कंपनीचा, त्याच मापाचा. त्याच्या निम्म्याहून हा ३० ग्राम जड. ओलाच होता. मी तो फळीवर टाच वर करून ठेवला आणि पंखा लावला.