जुन्या रुग्णवाहिकेचा फिरता दिवा

गेले तीन आठवडे माझ्या टेबलावर एका जुन्या रुग्णवाहिकेच्या टपावरचा फिरता दिवा उघडून पडलेला आहे. लाल घुमटाखाली पाठीला पाठ लावून बसवलेले दोन सीलबंद दिवे, त्यांना फिरवणारी छोटी मोटर आणि दातेरी चाके, एवढाच त्याचा संसार. दिवे पार-३६ मापाचे आहेत. हा आकडा व्यास इंचाच्या आठव्या भागांत सांगतो, म्हणजे ४.५ इंच.

दिवे लागत होते, पण फिरत नव्हते. मोटर जळली असावी असे मी धरून चाललो होतो आणि तिथेच चुकलो. जुने ग्रीस मेणासारखे घट्ट होऊन दात्यांत अडकले होते. ते रॉकेलमध्ये भिजवून टूथब्रशने खरवडल्यावर चाक बोटाने फिरू लागले. खरी किचकट जागा निघाली ती कार्बन ब्रशची, म्हणजे वीज पुढे नेणाऱ्या कार्बनच्या छोट्या तुकड्याची. सतत फिरणाऱ्या दिव्याला सरळ तार जोडली तर ती काही फेऱ्यांतच पिळवटून तुटेल, म्हणून वीज धातूच्या कड्यावर टेकलेल्या ब्रशमधून पोहोचवतात. काळवंडलेले कडे मी अगदी बारीक पॉलिश पेपरने उजळले आणि झिजून नखाएवढा उरलेला ब्रश बदलला.

घुमट ॲक्रिलिकचा असल्याने त्याला ॲसिटोन लावले नाही, त्याने बारीक तडे जातात; साबणाचे कोमट पाणी पुरले. काल रात्री १२ व्होल्टची बॅटरी जोडली. मिनिटाला ४५ फेऱ्या, म्हणजे दोन दिव्यांचे ९० झोत, भिंतीवरून सरकत राहिले. मोटर अजून किंचित घरघरते.