आमची वाटचाल: अर्ध्या पानापासून चार पानांपर्यंत

सुरुवातीला आमच्या मालमत्ता मूल्यांकनाच्या अहवालात खर्च पद्धतीला, म्हणजे बांधकामाच्या खर्चावरून मूल्य काढायला, अर्धं पान पुरायचं. बांधीव क्षेत्र गुणिले दर, वजा वयाप्रमाणे घसारा, अधिक जमीन. आज त्याच गणिताला चार पानं लागतात. दर वेळी आकडा बदलतोच असं नाही, पण तो कसा आला हे दुसऱ्या मूल्यांककाला आम्हाला न विचारता तपासता येतं.

पहिली दुरुस्ती क्षेत्राची होती. मोजमाप कार्पेटचं (भिंतींच्या आतलं) आणि दर बिल्ट-अपचा (भिंतींसकट), ही चूक वाटते त्यापेक्षा जास्त वेळा होते. म्हणून दरासमोर तो कोणत्या क्षेत्राचा आणि कोणत्या तारखेचा, हे लिहितो. मग खर्च कोणता धरायचा हे ठरतं: हुबेहूब तीच इमारत पुन्हा उभारण्याचा, की तेवढीच उपयुक्तता देणारी आजची इमारत बांधण्याचा? दुसरा धरला तर अवाजवी उंच छतावरचा जादा बांधकाम खर्च आपोआप गळतो. तोच खर्च पुढे कार्यात्मक घसारा (गैरसोयीच्या किंवा कालबाह्य रचनेमुळे झालेली घट) म्हणून परत वजा केला, तर दुहेरी वजावट होते.

ठेकेदाराचा दर म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. वास्तुविशारदाची फी, परवानग्या, विकसकाचा नफा आणि बांधकाम काळातलं व्याज त्यात नसतं. बांधकामाचा पैसा टप्प्याटप्प्याने जातो, म्हणून व्याज साधारण निम्म्या रकमेवर पूर्ण काळासाठी धरतो.

खरी मेहनत घसाऱ्यात आहे. उदाहरण घेऊ. नव्याने बांधण्याचा खर्च १००, प्रत्यक्ष वय २५ वर्षं, आर्थिक आयुष्य (इमारत किफायतशीर राहण्याचा काळ) ६०. सरळ भागाकार केला तर घसारा ४१.७. आम्ही असं करत नाही. आधी लगेच करण्याजोग्या आणि केल्याने फायदा होणाऱ्या दुरुस्त्या वेगळ्या काढतो: गळतं छत, निघालेला गिलावा, समजा ६. उरले ९४. त्यातले लवकर झिजणारे भाग २०: लिफ्ट ८ (२० पैकी १५ वर्षं झाली, घसारा ६), वायरिंग ८ (२५ पैकी १०, घसारा ३.२), रंग ४ (६ पैकी ३, घसारा २). उरलेल्या ७४ च्या सांगाड्याचं प्रभावी वय (अवस्थेवरून ठरवलेलं वय) निगा चांगली असल्याने १५ धरलं, तर ६० पैकी १५, म्हणजे घसारा १८.५. एकूण भौतिक घसारा, म्हणजे झीज आणि मोडतोडीमुळे झालेली घट, ६ + ११.२ + १८.५ = ३५.७. प्रभावी वय १५ का, याचं कारण फोटोसकट लिहायलाच हवं. नाहीतर तो नुसता अंदाज राहतो.

हा अंदाज बाजाराशी पडताळता येतो. एखादी तुलनीय मिळकत १६० ला विकली गेली आणि तिची जमीन ९० ची असेल, तर इमारतीच्या वाट्याला ७० आले. नवा खर्च १०० असेल तर घसारा ३०; इमारत २० वर्षांची असेल तर वर्षाला सरासरी दीड टक्का. अशा तीन-चार विक्री मिळाल्या की घसाऱ्याच्या तयार तक्त्यातल्या दरापेक्षा आमचा त्यांच्यावर जास्त भरवसा असतो. मात्र या दरात कार्यात्मक आणि बाह्य (आजूबाजूच्या कारणांनी होणारा) घसाराही मिसळलेला असतो, हे लक्षात ठेवावं लागतं.

बाह्य घसारा सर्वात जास्त विसरला जातो. शेजारी गोंगाटाचा रस्ता आला, भाडी उतरली, तर नुकसान जमीन आणि इमारत दोघांचं होतं. जमिनीचा दर त्याच भागातल्या नव्या व्यवहारांतून घेतला असेल तर तिचा वाटा आधीच वजा झालेला असतो. इमारतीवर फक्त तिच्या वाट्याचं नुकसान टाकायचं.

व्यावसायिक मानकांनी आमच्या कामाला शिस्त लावली. आंतरराष्ट्रीय मूल्यांकन मानकांची सध्याची आवृत्ती ३१ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. काम घेतानाच मूल्याचा आधार (बाजारमूल्य की दुसरं कुठलं मूल्य), मूल्यांकनाची तारीख, उद्देश, गृहीतकं आणि तपासणीची मर्यादा लेखी ठरवतो. स्लॅबच्या आतल्या सळ्या पाहिल्या नसतील तर तसं लिहितो. शुल्क मूल्याच्या आकड्याशी बांधत नाही. इथे तडजोड केली तर बाकी सगळं व्यर्थ आहे. मोजमापाचे कच्चे कागद, दरांचे आधार आणि फेटाळलेल्या विक्रींची कारणं एकाच फाइलमध्ये राहतात.

विम्यासाठी आकडा हवा असेल तर हिशेब वेगळा: जमीन बाहेर, मलबा हटवण्याचा खर्च विचारात, आणि घसारा पॉलिसीच्या शब्दांनुसार. आणि बहुमजली इमारतीतल्या एका फ्लॅटसाठी, तुलनीय विक्री भरपूर असताना, आम्ही खर्च पद्धत वापरत नाही. जमिनीचा वाटा तिथे कागदावर पाडता येतो, बाजारात दिसत नाही. ती का वापरली नाही, याची दोन ओळींची नोंद अहवालात असते.