खतावणीतला एक ‘शि.’

2013 च्या ऑगस्टमधली गोष्ट. आमच्या नैरोबीच्या ऑफिसात दोन चुलतभाऊ समोरासमोर बसले होते आणि मध्ये टेबलावर 1968 ची लाल कापडी बांधणीची खतावणी उघडी होती. त्यांच्या वडिलांपैकी थोरल्याचं कुटुंब पहिल्यापासून केनियात, नैरोबीत. धाकट्याचं दुकान युगांडात, कंपालात होतं. ऑगस्ट 1972 मध्ये तिथला हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडायला सांगितलं, तेव्हा ते सगळं तिथेच टाकून इंग्लंडमधल्या लेस्टरला गेले. आता धाकट्याचा मुलगा परत आला होता, वडिलांचं येणं मागायला.

नोंद गुजरातीत होती आणि अगदी साधी: कंपाला खाते जमा, शि. 40,000. म्हणजे कंपालाहून 40,000 शिलिंग आले.

लेस्टरहून आलेल्या भावाने इंटरनेटवरून काढलेला वर्षवार दरांचा तक्ता पुढे ठेवला. 1968 समोर लिहिलं होतं: 1 केनियन शिलिंग म्हणजे 0.01 युगांडन शिलिंग. “म्हणजे तेव्हा युगांडाचा एक शिलिंग केनियाच्या शंभराबरोबर होता. माझ्या वडिलांनी 40,000 पाठवले. 40 लाख झाले.” त्याचा आवाज थरथरत होता. तो खोटं बोलत नव्हता. कागदावर तसंच छापलेलं होतं.

नैरोबीच्या भावाकडेही हिशेब तयार होता. युगांडाने 1987 मध्ये दोन शून्यं कापली, 40,000 चे 400 राहिले. त्या दिवशी एका केनियन शिलिंगला साधारण 30 युगांडन शिलिंग मिळत होते. म्हणजे देणं 13 शिलिंग. त्याने खिशातून 20 चं नाणं काढून टेबलावर ठेवलं. ते नाणं पाहून मला फार वाईट वाटलं.

40 लाख आणि 13. एकाच नोंदीतून निघालेले दोन आकडे, आणि दोघांकडे छापील आधार.

मी दोघांना चहा सांगितला आणि खतावणी घेऊन आतल्या खोलीत गेले. दर माहीत असणं वेगळं आणि त्यांच्याच वडिलांच्या हस्ताक्षरात तो सापडणं वेगळं. मला दुसरं हवं होतं, कारण माझ्या शब्दावर त्यांनी का विश्वास ठेवावा?

पूर्व आफ्रिकेत आधी आपला रुपयाच चालायचा. मोंबासापासूनची रेल्वे घालायला आलेल्या मजुरांची मजुरी, दुकानदारांची उधारी, सगळं रुपयात. मग 1921 मध्ये शिलिंग आला. केनिया, युगांडा, टांगानिका (आताच्या टांझानियाचा मुख्य भाग) मिळून एकच चलन, 20 शिलिंगचा एक पौंड, आणि त्या नोटांवर किंमत गुजराती अक्षरांतही छापलेली. 1966 मध्ये तिन्ही देशांनी आपापला शिलिंग काढला, पण एकास एक याच भावाने. म्हणूनच 1968 च्या मुनिमाने नुसतं ‘शि.’ लिहिलं. कुठला शिलिंग, हे लिहायची त्याला गरजच नव्हती.

पुरावा चार पानं पुढे मिळाला. इंग्लंडहून मागवलेल्या कापडाची दोन बिलं, एक नैरोबीच्या दुकानाचं, एक कंपालाच्या. दोन्हीकडे पौंडाचा भाव 17.14 लावलेला. मी खुर्चीतून उठलेच. नोव्हेंबर 1967 मध्ये ब्रिटनने पौंडाचं अवमूल्यन केलं, पूर्व आफ्रिकेने आपल्या शिलिंगचं केलं नाही; डॉलरला 7.14 चा भाव तसाच ठेवला. म्हणून 20 चा पौंड 17.14 वर आला, आणि दोन्ही देशांत सारखाच आला. ती दोन बिलं शेजारी शेजारी ठेवली की बाकी काही सांगावं लागत नव्हतं.

मग तक्त्यातला 0.01? मे 1987 मध्ये युगांडाने जुने 100 शिलिंग म्हणजे नवा 1 शिलिंग असं ठरवलं. नोटा बदलून देताना वर 30 टक्के कर कापला. तक्ता करणाऱ्यांनी मागची सगळी वर्षं या नव्या शिलिंगात मांडली. 1968 मध्ये जो शिलिंग अस्तित्वातच नव्हता, त्याचा भाव 1968 समोर छापला. अशा तक्त्याखाली ठळक टीप नसणं हा माझ्या मते गंभीर दोष आहे.

मधल्या वर्षांचे सरकारी दरही मी डोळे मिटून मानत नाही. सत्तरच्या दशकात ते दोन शिलिंग जवळपास बरोबरीचे दाखवतात. पण 1976-77 च्या तेजीत युगांडाची कॉफी रात्रीतून सीमेपलीकडे केनियातल्या चेपकुबेच्या बाजारात पोचत होती, कारण तिथे हातात केनियन शिलिंग पडायचा आणि त्यातून साबण, मीठ, साखर मिळायची. त्या काळ्या व्यवहाराला युगांडात ‘मागेंडो’ म्हणत. खरा भाव तिथे ठरत होता. 1981 मध्ये युगांडाने शिलिंग मोकळा सोडल्यावर डॉलर जवळजवळ दहापट महागला, तेव्हा कुठे सरकारी आकडा वास्तवाच्या जवळ आला.

बाहेर येऊन मी दोघांना बिलं दाखवली. तेव्हाचे 40,000 म्हणजे त्या वेळचे 5,600 डॉलर. त्या दिवशीच्या, डॉलरला साधारण 87 शिलिंगच्या भावाने पाच लाखांच्या थोडं खाली. 40 लाख नक्कीच नाहीत आणि 13 तर मुळीच नाहीत. पैसे नैरोबीत आले, नैरोबीत वापरले गेले. त्यामुळे युगांडाच्या शिलिंगचं पुढे जे झालं ते या नोंदीला लावणं मला न्याय्य वाटत नाही, हेही मी सांगितलं. व्याज किती धरायचं ते मात्र तुमचं तुम्ही ठरवा.

कोपऱ्यातल्या खुर्चीत नैरोबीच्या भावाची आई इतका वेळ गप्प बसल्या होत्या. सगळे त्यांना बा म्हणत. त्या लेस्टरच्या पुतण्याकडे वळल्या. “बेटा, त्या पैशांची माबाटी आली होती. गोडाऊनवर तीच आहे अजून.” माबाटी म्हणजे छपराचे पत्रे. मग मुलाकडे न बघता त्यांनी टेबलावरचं 20 चं नाणं उचललं आणि आपल्या पाकिटात टाकलं.

दुपारी तिघं एकाच गाडीतून इंडस्ट्रियल एरियाकडे ते गोडाऊन बघायला गेले. खतावणी बांच्या मांडीवर होती. व्याजाचं अजून ठरलेलं नव्हतं.