दोन भाषांतला सिनेमा आणि एका मांजराचे कागद

सेन्सॉरच्या नावाने बोटं मोडायची आपल्याकडे पद्धतच आहे. माझा राग मात्र सेन्सॉरवर नाही. माझा सिनेमा अडकला तो एका मांजराच्या कागदावर. तो कागद दुरुस्त होईपर्यंत सिनेमासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते महिन्याच्या पाच तारखेला न चुकता खात्यातून जात होते. सिनेमाचा विषयही कर्ज आणि पनवती हाच, त्यामुळे युनिटमधल्या पोरांना फोनवर हसू आवरायचं नाही. हप्ता त्यांच्या खात्यातून जात नव्हता.

गोष्ट अशी. एक टेम्पोवाला मेहुण्याला जामीन राहतो आणि मेहुणा पळतो. एका बाजूने फायनान्स कंपनीचा वसुलीवाला, दुसऱ्या बाजूने गावातला सावकार. हा सावकार एका रात्री टेम्पोतच, पुढच्या सीटवर, तोंडात पान धरून मरतो. पण तो मेला म्हणून व्याज थांबत नाही, कारण वही त्याच्या बायकोकडे आहे. पुढे सगळी रात्र मढं, टेम्पो आणि वही. ब्लॅक कॉमेडी म्हणा, थ्रिलर म्हणा, पोस्टरवर आम्ही दोन्ही छापलंय. मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत केला, आणि डब नाही केला. बोलण्याचा प्रत्येक सीन दोनदा शूट केला.

वसुलीवाला लिहिताना मी नियम नीट वाचले होते, त्याचा फायदा झाला. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बँका आणि फायनान्स कंपन्यांना बजावलं की वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर कर्जदाराला फोन करायचा नाही. आमचा वसुलीवाला एकदम कायद्याने चालणारा. सातला पाच कमी असताना फोन लावतो, धमकी अर्ध्यावर येते तोवर सात वाजतात, की ‘उरलेलं उद्या’ म्हणून ठेवून देतो. सावकाराचं तसं नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे त्याला परवाना लागतो, पावत्या द्याव्या लागतात, हिशेब दाखवावा लागतो. आमच्याने परवानाच काढलेला नाही, मग नियम कुणाला लावणार?

आता कागदपत्रांचं. दोन भाषांत सिनेमा करणाऱ्यांनी पहिली गोष्ट ध्यानात ठेवायची: केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाच्या, म्हणजे सेन्सॉरच्या लेखी हे दोन सिनेमे. दोन अर्ज, दोन फिया, दोन संवादपटकथा, दोन प्रमाणपत्रं. ‘गोष्ट एकच आहे हो’ याला काही अर्थ नाही. अर्ज ई-सिनेप्रमाण पोर्टलवर भरायचा. ते काम सुरळीत झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. अडकतं ते सोबत जोडायच्या कागदांत. सिनेमात प्राणी दिसला, नुसता फ्रेममधून गेला तरी, भारतीय प्राणी कल्याण मंडळाची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, लागते. तिच्याशिवाय पुढे सरकत नाही.

हे मंडळ १९६२ चं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली स्थापन झालं, आणि पहिल्या अध्यक्ष होत्या भरतनाट्यमवाल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल. कार्यालय पूर्वी चेन्नईला होतं, आता हरियाणात बल्लभगढला आहे. २००१ चे नियम सांगतात की शूटिंगच्या आधीच कळवायचं: कोणता प्राणी, वय काय, तब्येत कशी, त्याच्याकडून काय करून घेणार, किती वेळ, आणि मुळात तो हवाच कशाला. सोबत पशुवैद्याचा फिटनेस दाखला. शूटिंग झालं की दृश्यं आणि दाखले पाठवून एनओसी मागायची.

‘हवाच कशाला’ हा रकाना भरताना मला मजा आली होती. कारण मांजर काढलं तर सिनेमाच उरत नाही. मढं शेजारच्या सीटवर, रात्रीचे दोन, घाटातला रस्ता, आणि हेडलाइटमध्ये काळं मांजर आडवं जातं. आमचा हिरो ब्रेक मारतो. आता दुसरं कुणीतरी आधी पुढे गेल्याशिवाय हा जाणार नाही. त्या वेळी घाटात येणार कोण? मांजर रस्त्याच्या कडेला बसून अंग चाटतंय, हा काचेआडून त्याला विनवतोय, ‘बाई, तूच परत जा ना इकडून.’ शेवटी एक गाडी येते, ती पोलिसांची.

आमचा निर्माता नंतर वैतागून म्हणाला होता, “अगं, मांजराला कुठे भाषा असते? एकच शॉट दोन्हीकडे वापरायचा होता.” बोलायला सोपं आहे. तो न तोडलेला लांब टेक आहे, कॅमेरा मागच्या सीटवर, हिरो बोलतोय आणि समोर काचेतून मांजर दिसतंय, सगळं एकाच फ्रेममध्ये. मराठीत एकदा, हिंदीत एकदा. आणि मांजरं काही सलग दोन रात्री काम करत नाहीत. म्हणून मांजरवाल्याने रीतीप्रमाणे दोन आणली होती, एक मुख्य आणि एक बदली. अर्जात दोन्ही दाखवली होती. मराठी टेकमध्ये मुख्य मांजर आहे, तिच्या हनुवटीखाली ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. हिंदी टेकमध्ये बदली, ती नखशिखांत काळी.

सेटवर जे डॉक्टर होते त्यांनी शूटिंगनंतरचे दोन दाखले दिले. दोन्हींवर वर्णन एकच: मादी, काळी, हनुवटीखाली पांढरा ठिपका. एक लिहिला आणि दुसरा त्यावर बघून उतरवला, दुसरं काही नाही. प्राणी कल्याण मंडळाकडून शंका आली: हिंदी आवृत्तीत दिसणाऱ्या मांजराला ठिपका नाही, मग हा प्राणी कोणता आणि त्याचा दाखला कुठे? प्रश्न रास्त होता. मी त्यांच्या जागी असते तर मीही विचारला असता.

मी डॉक्टरांना फोन केला. मला वाटलं, दोन मिनिटांचं काम आहे. डॉक्टर म्हणाले, “मी जे लिहिलंय ते बरोबरच लिहिलंय.” फोटो पाठवला. म्हणाले, “फोटोवर मी दाखला देत नसतो. मांजर दाखवा.” मग त्यांच्या दवाखान्यात जाऊन बसले. सकाळी गायीम्हशींची गर्दी, दुपारी ते फिरतीवर, संध्याकाळी मिटिंग. बाहेरच्या बाकावर बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, “ताई, तुमचं काय आजारी हाय?” मी म्हटलं, “सिनेमा.” त्यांनी सहानुभूतीने मान हलवली. डॉक्टरांना माझा नंबर लागला तेव्हा त्यांचा मुद्दा ऐकून घ्यावाच लागला: एकदा सही-शिक्क्यानिशी दिलेला दाखला नुसत्या शब्दावर बदलला तर उद्या त्यांनाच कुणी जाब विचारेल. मुद्दा बरोबर. पण मुळात बघून उतरवलं कुणी? हे मी त्यांना विचारलं नाही. गरज मला होती.

तर ते बदली मांजर आणायचं. मांजरवाल्याला फोन केला. तो आधी म्हणाला गावी आहे, मग म्हणाला आजारी आहे, मग त्याने फोन उचलणंच बंद केलं. आमचा प्रॉडक्शन मॅनेजर त्याच्या घरी जाऊन थडकला तेव्हा कळलं की मांजर त्याच्याकडे नाही. नाक्यावरच्या किराणा दुकानदाराची उधारी थकली होती. दुकानात उंदरांचा उच्छाद. दुकानदार म्हणाला होता, पैसे देईपर्यंत मांजर इकडे राहू दे.

म्हणजे माझ्या सिनेमातली नटी गहाण पडली होती.

कर्जावर सिनेमा लिहिणाऱ्या बाईला याचं कौतुक वाटायला हवं होतं. मला त्या दिवशी फक्त रडू येत होतं. दुकानात गेले तर ती गुळाच्या ढेपेशेजारी पोत्यावर झोपलेली, पोट सुटलेलं. दुकानदार म्हणाला, “मॅडम, नेऊन दाखवून आणा म्हणता, पण परत नाही आली तर माझे पैसे कोण देणार?” मी म्हटलं मी जामीन राहते. बोलून गेल्यावर आमचा मॅनेजर माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता ती मी विसरणार नाही. दुकानदारही पक्का, म्हणाला, “जामीन नको, रोख द्या.” वहीत साखर, तेल, चहापत्ती, काडेपेट्या, तारखेवार लिहिलेलं. चार हजारांच्या वर होती उधारी. ती फेडली, पावती घेतली, आणि मांजर बास्केटमध्ये घालून दवाखान्यात नेली.

डॉक्टरांनी हनुवटी वर करून टॉर्च मारला. ठिपका नव्हता. दोन ओळींचं शुद्धिपत्र लिहिलं, शिक्का मारला आणि म्हणाले, “हे आधीच सांगितलं असतं तर?” मी काही बोलले नाही. शिक्क्याची शाई वाळेपर्यंत कागद फुंकत उभी राहिले.

त्यानंतर एनओसी आली, आणि सेन्सॉर तर सहज पार पडलं. समितीने बघितलं, बोलावलं, नीट चर्चा केली. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूएचे, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या सिनेमांचे, तीन टप्पे झालेत, ७+, १३+ आणि १६+. आम्हाला दोन्ही आवृत्त्यांना यूए १६+ मिळालं, ते आम्हाला हवंच होतं, कारण ‘ए’, म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं, पडलं असतं तर टीव्हीचा सौदा गेला असता. दोन शिव्या म्यूट करायला सांगितल्या, केल्या. न पटलं तर पुनर्विलोकन समिती आहे. त्यापुढचं अपिलाचं न्यायाधिकरण २०२१ मध्ये बंद झालं, त्यामुळे तिथून पुढे थेट उच्च न्यायालय. शिव्यांसाठी उच्च न्यायालयात जायला माझ्याकडे पैसे उरले नव्हते.

काही गोष्टी आठवतील तशा सांगते.

प्राणी घेणार असाल तर शूटिंगच्या दिवशी प्रत्येक प्राण्याचा क्लॅपसकट फोटो काढा. समोरून, बाजूने, आणि खूण असेल ती जवळून. दाखला हातात आला की डॉक्टर जायच्या आत फोटोशी ताडून बघा. हे काम सहायकावर सोडा, पण कोणत्या सहायकावर ते कॉलशीटवर, म्हणजे त्या दिवसाच्या शूटिंगच्या वेळापत्रकावर, लिहा.

पनवती, साडेसाती, ज्योतिष असं काही लिहित असाल तर पोपटवाला ज्योतिषी हमखास सुचतो. मलाही सुचला होता. देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं हाच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. आमच्याकडे ज्योतिषी आहे, पिंजरा रिकामा आहे, आणि पोपट कुठे गेला असं विचारलं की तो म्हणतो, “जप्त झाला.” थिएटरात सगळ्यात मोठा हशा याच वाक्याला येतो.

सावकार आधी विडी ओढणारा होता. तंबाखूचं काहीही पडद्यावर आलं की सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर ३० सेकंदांची आरोग्याची फिल्म, २० सेकंदांचं निवेदन, आणि ते दृश्य चालू असेपर्यंत खाली इशाऱ्याची पट्टी. मढ्याच्या तोंडात विडी आणि खाली इशारा, म्हटलं तर विनोद आहे, पण पट्टी असली की प्रेक्षक पट्टीच वाचतो. म्हणून पान दिलं, साधं, कात-चुन्याचं.

पैशाचं गणित मांडताना ‘कागदांसाठी’ म्हणून वेगळे महिने धरा, आणि त्या महिन्यांचं व्याजही बजेटमध्ये लिहा. आमच्या बजेटमध्ये जेवणाची फोडणीसुद्धा लिहिलेली होती, व्याज नव्हतं. निर्मात्याला हे लिहिणं अपशकुनी वाटतं. अकाउंटंटला वाटत नाही. तो अजून मला विचारतोय की किराणा दुकानाची पावती कोणत्या खात्यात टाकू. ‘कलाकार मानधन’ म्हटलं तर टीडीएसचा प्रश्न काढतो.

आणि पोर्टलवर, मंडळाकडे, जिथे जिथे ईमेल द्यायचा तिथे स्वतःचा द्या, कागदपत्रं बघणाऱ्या माणसाचा नको. मंडळाची ती शंका आमच्या माणसाच्या स्पॅममध्ये लग्नाच्या वेबसाइटच्या मेलखाली पडून होती. तो लग्न ठरल्यापासून स्पॅम उघडतच नव्हता.